आडात काही नाही, मग केमनच्या पोहऱ्यात पैसा येतो कुठून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात सीए झालात, काही वर्षं ऑडिटमध्ये काढलीत आणि आता कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावरच्या एका फर्मची फंड ऑडिटसाठी, म्हणजे गुंतवणूक फंडांचे हिशोब तपासण्यासाठी, ऑफर हातात आहे. पगारावर प्राप्तिकर शून्य. वडील मात्र अडून बसलेत: ज्या बेटावर धड शेती नाही, कारखाना नाही, सरकार कर घेत नाही, तिथे पैसा येतो कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तुम्हाला स्वतःला भीती वेगळी आहे. अमेरिकेने नाहीतर युरोपने डोळे वटारले तर हे सगळं एका रात्रीत बसेल का? शिवाय पत्नी फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्या नोकरीचं काय?

मी तिथे आधी फंड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे फंडांचे हिशोब ठेवण्याच्या कामात, आणि नंतर ऑडिटमध्ये बरीच वर्षं काम केलं. आता मुंबईत बसून त्याच प्रकारच्या फंडांचं काम बघतो. त्यामुळे माझं मत आतल्या माणसाचं आहे, तेवढं गृहीत धरून वाचा. आणि ऑफर घ्यायची की नाही हे तुमच्या डोक्यावरच्या कर्जावर, पत्नीच्या करिअरवर, परत कधी यायचंय यावर ठरेल. ते मला इथून सांगता येणार नाही. बेटाची कमाई कशी चालते आणि तुमची खुर्ची त्या कमाईच्या कोणत्या थरावर ठेवलेली आहे, हे मात्र सांगू शकतो. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

आधी वडिलांची शंका. केमन म्हणजे तीन छोटी बेटं, सगळं मिळून २६० चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन. नदी नाही, प्यायचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळतं आणि वीज बव्हंशी डिझेलवर. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला तेव्हा केमनने त्याच्याबरोबर न जाता ब्रिटनकडेच राहायचं ठरवलं. तेव्हा बेटावरचे बरेच पुरुष परदेशी मालवाहू जहाजांवर खलाशी होते, घर त्यांच्या मनिऑर्डरींवर चालायचं आणि बायका ताडाच्या पानांचे दोर वळून विकायच्या. डास तर इतके, की संध्याकाळी लोक धूर करणारी भांडी हातात घेऊन घराबाहेर पडत. डासांनी नाकपुड्या भरून गुरं गुदमरून मेल्याच्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात.

१९६५ मध्ये डासांच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि १९६६ मध्ये बँका व ट्रस्ट कंपन्यांचा कायदा झाला. अर्थशास्त्राच्या लेखांत दुसऱ्या घटनेचाच उल्लेख असतो. मला पहिलीही तितकीच महत्त्वाची वाटते, कारण डास हटले नसते तर ना पर्यटक आले असते ना बँकर. त्या काळी सरकारी तिजोरी सांभाळणारे व्हॅसल जॉन्सन यांना या सगळ्या उभारणीचं श्रेय दिलं जातं. १९७३ मध्ये बहामा स्वतंत्र झालं, तिथल्या पैशाला अस्थिरतेची धास्ती वाटली आणि बरंचसं काम केमनकडे सरकलं. पुढे १९९३ मध्ये म्युच्युअल फंडांचा कायदा आला आणि आज तुम्हाला नोकरी देऊ करणारा धंदा त्यातून वाढला.

यात एक सूत्र दिसेल. या बेटाने विकायला काढलेला माल म्हणजे कायदा. संसद स्वतःची, त्यामुळे गरज पडेल तसा कायदा पटकन करता येतो. मुळाशी इंग्लिश कायदा आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, त्यामुळे न्यूयॉर्कच्या किंवा टोकियोच्या वकिलाला भरवसा वाटतो. स्वतःचं सरकार आणि दुसऱ्याची पत, हे दोन्ही एकाच वेळी मिळणं दुर्मीळ. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा मात्र लंडनने नेमलेल्या गव्हर्नरकडे असते, म्हणजे मोकळीक आहे ती एका चौकटीतच.

आता हा माल विकत घेतं कोण, ते एका फंडापुरतं जवळून बघू. समजा न्यूयॉर्कमधल्या एका मॅनेजरला तीन गुंतवणूकदार मिळाले: अमेरिकेतलं एक विद्यापीठ, जपानची एक पेन्शन संस्था आणि आखातातलं एक कुटुंब. विद्यापीठाला अमेरिकेतच करमाफी आहे, पण फंडाने कर्ज काढून गुंतवणूक केली आणि विद्यापीठ त्यात थेट भागीदार असलं तर त्या माफीला भोक पडतं. जपानी संस्थेला अमेरिकेत विवरणपत्र भरत बसायचं नाही. म्हणून मधे केमनची एक कंपनी ठेवतात. तिच्यावर केमनमध्ये कर लागत नाही. प्रत्येकाने आपापल्या देशाच्या नियमाप्रमाणे काय तो हिशोब करायचा. शेअर घेणं-विकणं सगळं न्यूयॉर्कमध्येच होतं. नोटांच्या थप्प्या केमनच्या तळघरात पडलेल्या नसतात, हे वडिलांना आवर्जून सांगा.

मग बेटाला काय मिळतं? त्या कंपनीची नोंदणी फी, तिला पत्ता देणाऱ्या ऑफिसची फी, वकील, संचालक, मनी लाँड्रिंगविरोधी नियम सांभाळणारे नेमलेले अधिकारी आणि ऑडिटर. मॉनेटरी अथॉरिटी या केमनच्या वित्तीय नियामक संस्थेकडे नोंदलेले म्युच्युअल फंड तेरा हजारांच्या आसपास आणि प्रायव्हेट फंड (ज्यांतून हवं तेव्हा पैसे काढता येत नाहीत) सतरा हजारांच्या आसपास आहेत. एका फंडाची वार्षिक सरकारी फी साधारण चार हजार अमेरिकी डॉलर किंवा त्याहून जास्त. ढोबळ गुणाकार केला तरी नुसत्या या फीचे बारा कोटी डॉलरच्या आसपास होतात. याशिवाय लाखाच्या वर कंपन्यांची नोंदणी फी वेगळी. फी भरणाऱ्याला ती खिजगणतीतही नसते; लोकसंख्या ऐंशी हजारांच्या वर असलेल्या बेटाला त्यात शाळा, रस्ते, पोलीस चालवता येतात.

अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २००८ मध्ये अहवाल दिला की केमनची राजधानी जॉर्जटाऊनमधल्या अग्लंड हाऊस नावाच्या पाच मजली इमारतीच्या पत्त्यावर १८,८५७ कंपन्या नोंदलेल्या आहेत. ओबामांनी यावरून टोमणा मारला होता, तो तुम्ही ऐकला असेल. आकडा खरा आहे. पण मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसचा पत्ता बघितलात तर हा प्रकार फार परका वाटणार नाही. याचा अर्थ केमनमधून कर कधी चुकवला गेलाच नाही असा मी म्हणत नाही, गेलाय. म्हणूनच आता तिथून खात्यांची माहिती दरवर्षी अमेरिकेला आणि इतर देशांना आपोआप जाते, आणि भारताबरोबरही २०११ मध्ये माहिती देवाणघेवाणीचा करार झालेला आहे.

आता तुमची भीती. माझं निरीक्षण असं, की बाहेरच्या दबावाने आजवर बेटावरचं काम कमी झालं नाही, उलट वाढलं. २०२० चंच उदाहरण घ्या. फेब्रुवारीत युरोपियन युनियनने केमनला करविषयक काळ्या यादीत टाकलं. त्याच महिन्यात केमनने प्रायव्हेट फंडांचा कायदा केला. तोवर प्रायव्हेट इक्विटीसारख्या फंडांवर नोंदणीचं किंवा ऑडिटचं बंधन नव्हतं. ऑगस्टपर्यंत नोंदणी करा म्हटल्यावर वर्षअखेरीपर्यंत बारा हजारांहून जास्त फंड नोंदले गेले, आणि त्या प्रत्येकाला आता दरवर्षी ऑडिट लागणार. ऑक्टोबरमध्ये युरोपने यादीतून नाव काढलं. धाक घातला ब्रसेल्सने, नोकऱ्या निघाल्या जॉर्जटाऊनमध्ये! तुमची ऑफरसुद्धा बहुतेक त्याच कायद्याच्या पोटातून आलेली असेल.

याचा अर्थ धोका नाही असं नाही. फेब्रुवारी २०२१ पासून ऑक्टोबर २०२३ पर्यंत केमन एफएटीएफच्या, म्हणजे मनी लाँड्रिंगवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, करड्या यादीत होतं. त्याचा चटका भारतातही बसला. अशा ठिकाणाहून येणाऱ्या नव्या गुंतवणूकदारांना एनबीएफसीमध्ये (बिगरबँक वित्त कंपन्यांमध्ये) मोठा हिस्सा घेऊ द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक त्याच महिन्यात आलं होतं. मग वकील दुसऱ्या देशाचा नकाशा मांडून बसायचे. लक्झेंबर्ग, आयर्लंड, सिंगापूर आहेतच, आता आपलं गिफ्ट सिटीही आहे. फंडाला जागा बदलायला यंत्रं हलवावी लागत नाहीत, कागद हलवले की झालं. बेटाची पत इतक्या हलक्या पायावर आहे हे तिथल्या सरकारला नीट ठाऊक आहे, म्हणून ते प्रत्येक नव्या नियमापुढे आधी कुरकुर करतं आणि मग तो करतंच. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी आलेल्या १५ टक्के किमान कराची धास्तीही अनेकांना वाटते. पण गुंतवणूक फंडांना त्यात बरीच सूट आहे, तेव्हा तुमच्या कामापुरता तो मला तातडीचा धोका वाटत नाही.

तुमच्यापुरता जास्त खरा धोका वेगळाच आहे, आणि तो पुण्यातच बसलेला आहे. या फंडांचं रोजचं हिशोबाचं काम, म्हणजे एनएव्ही (फंडाच्या एका हिश्शाची किंमत) काढणं, व्यवहार जुळवणं, गुंतवणूकदारांचे केवायसी कागद तपासणं, यातलं बरंचसं आज पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबादमध्ये होतं. ऑडिटच्या टेस्टिंगचं कामही भारतातल्या टीमकडे जातं. मग बेटावर उरतं काय? कायद्याने जे बेटावरच व्हायला हवं ते. मॉनेटरी अथॉरिटीचा नियम आहे की फंडाच्या ऑडिट रिपोर्टवर तिने मान्य केलेल्या स्थानिक ऑडिटरचीच सही हवी. काम न्यूयॉर्कच्या ऑफिसने केलं असलं, तरी शेवटची फाईल बेटावर येते, तिथला पार्टनर ती तपासून सही करतो आणि वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ती ऑनलाइन दाखल होते.

मार्च-एप्रिलमध्ये हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगतो. फंडांचं वर्ष डिसेंबरअखेर संपलेलं असतं आणि अमेरिकेत नोंदलेल्या मॅनेजरला १२० दिवसांत, म्हणजे एप्रिलअखेर, ऑडिट झालेले हिशोब गुंतवणूकदारांना द्यायचे असतात. रात्री साडेनऊला पुण्याची टीम लॉगइन होते, कारण तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात. तुमच्या स्क्रीनवर एक कर्जरोखा असतो, बाजारात वर्षभरात एकदाही न विकला गेलेला, आणि मॅनेजरने त्याची किंमत शंभराच्या दर्शनी मूल्यावर ९४ लावलेली असते. पुणे म्हणतं आकडे जुळले. जुळले हे खरं, पण ९४ च का, हा प्रश्न कुणी विचारायचा? तो विचारणारा आणि उत्तर फाईलला लावणारा माणूस बेटावर टिकतो. नुसते आकडे जुळवणारा टिकत नाही, कारण ते काम पुण्यात स्वस्तात होतं. म्हणून फर्मला हे नक्की विचारा: माझा किती वेळ व्हॅल्युएशन आणि रिव्ह्यूवर जाईल, आणि किती नुसत्या समन्वयावर? उत्तर गुळमुळीत आलं तर सावध व्हा.

इथवरचं सार एवढं: आड बेटावर नाही, न्यूयॉर्क-टोकियोत आहे, बेट कायद्याची आणि सहीची फी घेतं, आणि तुमची किंमत सहीच्या तुम्ही किती जवळ आहात यावर ठरते.

पर्यटन हा बेटाचा दुसरा पाय. सेव्हन माइल बीच, स्टिंगरे सिटी, आणि २०१९ मध्ये क्रूझवरून आलेले अठरा लाखांवर प्रवासी. गंमत म्हणजे क्रूझ जहाज लागेल असा धक्काच जॉर्जटाऊनला नाही. लहान बोटींतून माणसं किनाऱ्यावर आणतात. धक्का बांधायचा का यावर एप्रिल २०२५ मध्ये सार्वमत झालं आणि लोकांनी नको म्हटलं. पर्यटनात माणसं खूप लागतात, पगार कमी, आणि झटका बसला की सगळ्यात आधी तिथेच बसतो. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, त्या क्वारंटाइनशिवाय उघडल्या थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये. हॉटेलं ओस, वर्क परमिटवरचे हजारो परदेशी कामगार मायदेशी, स्थानिक पर्यटन कामगारांना सरकारी भत्ता. आणि आम्ही घरी बसून नोंदणीचे अर्ज भरत होतो. सप्टेंबर २००४ च्या आयव्हन वादळातही नुकसान बेटाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट झालं, तरी कंपन्यांनी दुसऱ्या शहरांतून काम चालू ठेवलं. दोन पायांपैकी एक लंगडला तरी दुसरा तग धरतो, असा आजवरचा अनुभव. दोन्ही एकदम लंगडले तर काय, याचं उत्तर बेटाने अजून दिलेलं नाही.

‘करमुक्त’ या शब्दाला मात्र भुलू नका. प्राप्तिकर नाही हे खरं, पण बहुतेक आयात मालावर २२ टक्के शुल्क आहे, आणि बेटावर जवळजवळ सगळंच आयात होतं. फ्रिज, सोफा, बूट, सगळ्याच्या किमतीत तुमचा कर आधीच भरलेला असतो. त्यात जहाजाचं भाडं, महाग वीज आणि सगळ्यात वर घरभाडं. पगाराचा एक तृतीयांश भाड्यात जाईल असं धरूनच बजेट करा. कमी पगाराच्या माणसाला ही पद्धत जास्त जाचते, हे मला तिथे राहताना कायम खटकायचं. गोदीतल्या कामगाराला आणि लॉ फर्मच्या पार्टनरला साबणावर सारखाच कर. गाडी लागेलच, जपानहून आलेली जुनी छोटी होंडा घ्या, वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे.

ऑफर लेटरमधला आकडा कोणत्या डॉलरमध्ये आहे हे आजच तपासा. केमन डॉलर १९७४ पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे: एक केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकी. भरतीच्या बोलण्यात दोन्ही नुसते ‘डॉलर’ असतात आणि वीस टक्क्यांचा फरक फोनवर कुणी सांगत नाही. पेन्शनमध्ये पाच टक्के तुमचे आणि पाच कंपनीचे जातात; परदेशी माणसाला पहिले नऊ महिने ते लागू नसतं. बेट सोडलं की ती रक्कम लगेच हातात पडेल असं मात्र धरून चालू नका. आरोग्य विमा सक्तीचा आहे, त्याचा निम्मा हप्ता मालक भरतो. कुटुंबाचा कोण भरणार ते लेखी घ्या.

वर्क परमिटची फी हीच मुळात सरकारची मोठी कमाई आहे. ती कायद्याने मालकाने भरायची असते आणि सीएच्या पदाला ती हजारो डॉलर असते. आधी स्थानिक उमेदवारासाठी जाहिरात द्यावी लागते, आणि दर नूतनीकरणाला हेच. परमिटवर सलग नऊ वर्षं झाली की बेट सोडावं लागतं. आठ वर्षांनंतर गुणांच्या पद्धतीवर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. हे नियम सरकारागणिक बदलत आलेत, तेव्हा सही करण्याआधी ताजी स्थिती बघा. रहिवाशांपैकी निम्म्याहून जास्त लोक परदेशी आहेत आणि मूळ केमनकर स्वतःच्याच बेटावर अल्पसंख्य झालेत, त्यामुळे त्यांचा सूर कडक आहे. तक्रार करण्याजोगं मला त्यात काही वाटत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं?

पत्नीचं. तुमच्या परमिटवर ती अवलंबित म्हणून राहू शकते; नोकरीसाठी स्वतःचं परमिट आणि तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या परिषदेची नोंदणी लागते. चांगली गोष्ट ही की डॉ. देवी शेट्टींच्या नारायणा समूहाचं हेल्थ सिटी रुग्णालय २०१४ पासून ईस्ट एंडला आहे. तिथेही बेटाने तीच युक्ती वापरली: सरकारने करार केला आणि भारतीय वैद्यकीय पदव्या चालाव्यात म्हणून कायद्यात बदल केले. आज तिथे भारतीय डॉक्टर-नर्स मोठ्या संख्येने आहेत. फिजिओथेरपीच्या जागा थोड्या, पण तिने तुम्ही निघायच्या आधीच अर्ज टाकून ठेवावा. ईस्ट एंड जॉर्जटाऊनपासून दूर आहे, म्हणजे दोन गाड्या.

भारतातल्या कराबद्दल एवढंच. परदेशी नोकरीसाठी निघालेल्या नागरिकाला १८२ दिवसांचा नियम आहे (त्या आर्थिक वर्षात तेवढे दिवस भारतात काढले तर तो इथला निवासी), तेव्हा कोणत्या महिन्यात निघता यावर पहिल्या वर्षाचा कर ठरतो. फेब्रुवारीत निघालात तर त्या वर्षी तुम्ही इथले निवासीच. दुसरं, भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेला आणि कुठेच कर न भरणारा नागरिक ‘मानीव निवासी’, म्हणजे इथे न राहताही इथला निवासी मानलेला, ठरू शकतो. तसं झालं तरी केमनमधल्या पगारावर इथे कर लागत नाही, पण विवरणपत्रात दर्जा बरोबर टाका. तुम्ही स्वतः सीए आहात, ताजी कलमं उघडून बघालच.

माझं मत विचारलंत तर: रिव्ह्यूचं काम खरंच मिळत असेल आणि चार-पाच वर्षांनी परतायची तयारी असेल तर जा. घर विकत घ्यायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. आणि तिकीट काढण्याआधी व्हिसाचं बघा. बहुतेक विमानं अमेरिकेमार्गे जातात आणि नुसतं विमान बदलायलासुद्धा भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो नसेल तर लंडनहून नसाऊमार्गे जाणारं विमान आहे. ते महाग पडतं, म्हणून त्या तिकिटाचे पैसे फर्म देणार का, हे याच आठवड्याच्या ईमेलमध्ये विचारून टाका.